औषधांचे पासबुक

तमिळनाडूच्या सरकारी आरोग्य केंद्रांना १९९५ पासून एक पासबुक मिळू लागले. ते बँकेचे नव्हते, औषधांचे होते. केंद्राचा दर्जा आणि तेथे येणाऱ्या रुग्णांची संख्या पाहून वर्षभराच्या औषधांसाठी एक रक्कम ठरवली जाई व ती पासबुकात जमा दाखवली जाई. जिल्ह्याच्या गोदामातून औषधे उचलली, की त्यांची किंमत नावे पडे आणि उरलेली शिल्लक खाली लिहिली जाई. रोख पैसा केंद्राच्या हाती येत नसे. परंतु कोणते औषध किती उचलायचे, हे ठरवण्याचा अधिकार केंद्राकडेच राही. ज्या भागात सर्पदंश अधिक, तेथे त्यावरची लस अधिक उचलावी. जेथे दमेकरी अधिक, तेथे दम्याची औषधे.

व्यापारी घरात वाढलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. जमा, नावे, शिल्लक हे शब्द त्याच्या कानावर पाळण्यापासून पडलेले असतात. सरकारी औषधखरेदीच्या व्यवहारात मात्र ही साधी गोष्ट नवी होती. तोवर देशात बहुतेक ठिकाणी चाल अशी, की वरून जे येईल ते कपाटात ठेवायचे. एखाद्या गोळीचे खोके मुदत संपेपर्यंत पडून राहत आणि जी गोळी रोज लागते ती चार महिन्यांतच संपे. कपाट भरलेले दिसे, आणि रुग्ण मात्र चिठ्ठी घेऊन बाहेरच्या दुकानाकडे चालू लागे.

हे काम करणाऱ्या तमिळनाडू मेडिकल सर्व्हिसेस कॉर्पोरेशनची स्थापना जुलै १९९४ मध्ये झाली. आर. पूर्णलिंगम या सनदी अधिकाऱ्याचे नाव या रचनेशी कायमचे जोडले गेले आहे. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी नवे औषध शोधले नाही, नवे रुग्णालयही बांधले नाही. हजारो औषधांच्या यादीतून खरोखर आवश्यक अशी अडीचशेच्या आसपास औषधे निवडली, ती मूळ नावाने एकत्रित निविदेतून घेतली, जिल्ह्याजिल्ह्यांत गोदामे उभी केली आणि प्रत्येक गोदामात साधारण तीन महिन्यांचा साठा राहील अशी व्यवस्था केली. तरतुदीतील ९० टक्के रक्कम या मार्गाने आणि १० टक्के रक्कम अडीअडचणीच्या स्थानिक खरेदीसाठी, अशी वाटणी ठरली. ती १० टक्क्यांची मोकळीक फार शहाणपणाची होती. नियम कितीही चांगला असला, तरी मध्यरात्री आलेल्या रुग्णासाठी त्यात एक खिडकी उघडी ठेवावी लागते.

त्याहून मोलाची होती ती तपासणीची शिस्त. गोदामात उतरलेला माल लगेच वाटला जात नाही. प्रत्येक बॅचचा नमुना काढला जातो, त्यावरचे कंपनीचे नाव झाकले जाते, त्याला सांकेतिक क्रमांक दिला जातो आणि तो मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे जातो. नमुना कोणाचा आहे, हे तपासणाऱ्याला ठाऊक नसते. अहवाल येईपर्यंत तो माल बाजूला राहतो. औषधाच्या पट्टीवर सरकारी पुरवठ्याचे चिन्ह आणि ‘विक्रीसाठी नाही’ ही सूचना छापलेली असते, म्हणजे मागच्या दाराने बाजारात गेलेली पट्टी सहज ओळखता यावी. आणि माल उत्तम ठरला, की पुरवठादाराचे पैसे वेळेवर चुकते होतात. सरकारकडे माल घालणाऱ्या कोणत्याही व्यापाऱ्याला विचारावे. थकबाकीची भीती तो दरातच धरून टाकतो. ती भीती गेली, की दर आपोआप उतरतो. या एका कलमात जेवढी बचत आहे, तेवढी दहा परिपत्रकांत नसेल.

पुढे केरळने हा मार्ग धरला. राजस्थानने २ ऑक्टोबर २०११ पासून सरकारी रुग्णालयांत मोफत औषधांची योजना सुरू केली आणि साठ्याच्या हिशेबासाठी सी-डॅकने तयार केलेली ‘ई-औषधी’ ही संगणकप्रणाली वापरली. महाराष्ट्रातही ती प्रणाली आली. तथापि महाराष्ट्राची वाट खडतर राहिली. २०१७ मध्ये खरेदीचे काम हाफकिन महामंडळाकडे सोपवले गेले. विलंबाच्या तक्रारी संपल्या नाहीत. अखेर २०२३ मध्ये स्वतंत्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाचा कायदा झाला. त्याच वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ नवजात बालके होती. औषधांचा तुटवडा नव्हता, असे प्रशासनाचे म्हणणे होते, आणि मुंबई उच्च न्यायालयाने हा विषय स्वतःहून हाती घेतला. मृत्यूचे कारण कोणते, हे ठरवणे तज्ज्ञांचे आणि न्यायालयाचे काम. पण अशा दिवशी ‘कोणते औषध किती शिल्लक होते’ या प्रश्नाचे उत्तर वादाचा विषय व्हावे, हे हिशेब समजणाऱ्या माणसाला बोचते. शिल्लक हा मताचा विषय नसतो. ती एक तर वहीत असते, नाही तर वही लिहिलेली नसते.

नागपूर जिल्ह्यातील प्रकरण त्याहून गंभीर. सरकारी रुग्णालयांना पुरवलेल्या प्रतिजैविकाच्या गोळ्यांत औषध नव्हतेच, टॅल्कम पावडर आणि स्टार्च होता, असे ग्रामीण पोलिसांनी सप्टेंबर २०२४ मध्ये दाखल केलेल्या आरोपपत्रात म्हटले आहे. हा प्रकार एका औषध निरीक्षकाच्या तपासणीमुळे उजेडात आला. पण तपासणी झाली ती माल रुग्णालयात पोहोचल्यावर. गोदामाच्या दारातच नमुना काढून अहवालापर्यंत माल अडवण्याची चाल असती, तर ती गोळी रुग्णाच्या तोंडापर्यंत गेली नसती. संगणकाने साठा मोजता येतो. साठ्यात काय आहे, हे प्रयोगशाळेलाच विचारावे लागते.

येथवर सरकारचे झाले. परंतु आपल्या देशात औषधाचा मोठा वाटा खासगी दुकानातून विकला जातो, आणि त्या दुकानांच्या पाट्यांवरची आडनावे या अंकाच्या वाचकांना परकी नाहीत. किरकोळ, घाऊक, एजन्सी अशा तिन्ही पायऱ्यांवर अनेक घरे दोन-तीन पिढ्या उभी आहेत. म्हणून पुढचे चार शब्द घरातल्या घरात बोलावेत तसे.

फार्मसी कायदा १९४८ चा आहे. त्याच्या ४२ व्या कलमानुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचे असते. प्रत्यक्षात कित्येक दुकानांत फार्मासिस्टचे प्रमाणपत्र भिंतीवर काचेत असते आणि तो स्वतः दुसऱ्या गावी कंपनीत नोकरीला असतो. प्रमाणपत्राचे मासिक भाडे ठरलेले असते. हे गुपित नाही. २०१२ च्या सुमारास महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना त्यांनी फार्मासिस्टच्या उपस्थितीचा आग्रह धरला, तेव्हा राज्यभर औषध विक्रेत्यांनी निषेध केला. विक्रेत्यांच्या म्हणण्यात तथ्यच नव्हते असे नाही. लहान गावात दिवसाचे १४ तास दुकान उघडे ठेवायचे आणि पूर्ण वेळ फार्मासिस्टचा पगार काढायचा, हे गणित अवघड आहे. पण गणित अवघड आहे म्हणून उत्तर खोटे लिहावे, हे कोणत्याही पेढीला शोभत नाही.

काउंटरवर शिकलेला माणूस नसला तर काय बिघडते? एकच उदाहरण पुरे. मेथोट्रेक्सेट नावाची गोळी संधिवातासाठी दिली जाते. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रुग्णाने समजुतीच्या चुकीने ती रोज घेतली, तर रक्त तयार करणारी यंत्रणाच कोसळते आणि जीव जातो. जगभर अशा घटना घडल्या आहेत. चिठ्ठीवर डॉक्टरांनी घाईत लिहिलेले असते, घरच्यांना इंग्रजी वाचता येत नाही. दुकानातला माणूस पट्टी हातात देताना ‘काकू, ही फक्त सोमवारी बरं का, रोज नाही’ एवढे बोलला, तर एक जीव वाचतो. हे वाक्य बोलायला कोणते यंत्र लागत नाही, फक्त ती गोळी काय आहे हे ठाऊक असणारा माणूस लागतो.

बाकीच्या गोष्टी त्याहून सोप्या आहेत. इन्सुलिन आणि लसी २ ते ८ अंश तापमानात ठेवायच्या असतात. रात्री दुकान वाढवताना मेन स्विच बंद करण्याची जुनी सवय आजही कोठे कोठे आहे. आगीची भीती आणि विजेचे बिल ही त्याची कारणे. फ्रीजची वायर वेगळी काढून घेतली, की दोन्ही साधते. तो खर्च इन्सुलिनच्या काही कुप्यांच्या किमतीतही भागतो. पट्टीतून चार गोळ्या कापून देताना बॅच क्रमांक आणि मुदत छापलेले टोक शेवटपर्यंत राखायचे, हेही तसेच. १ मार्च २०१४ पासून ‘एच-वन’ यादीतील औषधांसाठी वेगळी नोंदवही ठेवणे बंधनकारक झाले. आरंभी त्या यादीत ४६ औषधे होती, त्यांत वरच्या पिढीची प्रतिजैविके आणि क्षयरोगाची औषधे येतात. डॉक्टरचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध, मात्रा हे लिहायचे आणि वही ३ वर्षे जपायची. पुष्कळ ठिकाणी ही वही निरीक्षक येण्याच्या आदल्या रात्री एकाच पेनाने, एकाच हस्ताक्षरात पूर्ण होते. जो रोजमेळ दिवसाच्या दिवशी लिहिलेला नाही, त्याला जाणता मुनीम काय किंमत देतो, हे येथे सांगण्याची गरज नाही. आणि १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० मोठ्या ब्रँडच्या वेष्टनावर क्यूआर कोड किंवा बारकोड आला आहे. त्यातून निर्माता, बॅच, मुदत आणि परवाना क्रमांक पाहता येतो. घाऊक व्यापाऱ्याने माल उतरवून घेताना दहातील एक खोके जरी मोबाईलवर तपासले, तरी बनावट मालाला त्या गोदामात शिरणे जड जाईल.

लहान गावातील दुकानांचे मघाचे अवघड गणित आफ्रिकेतील टांझानियाने एका वेगळ्या रीतीने सोडवले. दार-ए-सलाम हे नाव कच्छी-गुजराती घरांना तरी दूरचे वाटणार नाही. तेथील खेड्यांत ‘दुका ला दावा बारिदी’ नावाची लहान औषधदुकाने होती. स्वाहिलीत दुका म्हणजे दुकान आणि दावा म्हणजे दवा. दोन्ही शब्द अरबीतून तिकडे गेले व आपल्याकडेही आले. या दुकानांना चिठ्ठीविना मिळणारी किरकोळ औषधे विकण्याचीच परवानगी होती. पण जवळपास दुसरे दुकानच नसल्याने ती प्रतिजैविकेही विकत. कायदा कडक होता आणि कोणी पाळत नव्हते. २००३ मध्ये रुवुमा प्रांतात तेथील अन्न व औषध प्राधिकरणाने वेगळा सौदा मांडला. दुकानदाराने जागा सुधारावी, काउंटरवरच्या माणसाला काही आठवड्यांचे प्रशिक्षण घेऊ द्यावे, खरेदी-विक्रीच्या नोंदी ठेवाव्यात, स्थानिक पातळीवरची तपासणी मान्य करावी. त्या बदल्यात चिठ्ठीवरची काही ठरावीक आवश्यक औषधे त्याला राजरोस विकता येतील. अशा दुकानाला ‘दुका ला दावा मुहिमु’ म्हणजे आवश्यक औषधांचे दुकान, असे नवे नाव आणि नवी पाटी मिळाली. २००१ मध्ये रुवुमातील दुकानांत नोंदणी नसलेल्या औषधांचे प्रमाण २६ टक्के होते. २००४ मध्ये ते २ टक्क्यांवर आले. पुढे ही पद्धत देशभर नेली गेली.

येथे दंडुका कमी आणि व्यापार अधिक आहे. दुकानदाराला प्रामाणिक राहण्यात धंदा दिसला. आपल्याकडे फार्मासिस्टची संख्या टांझानियापेक्षा कितीतरी अधिक आहे. बारावीनंतर दोन वर्षांची पदविका पुरते. कित्येक औषध विक्रेत्यांच्या घरांत मुलगा, मुलगी किंवा सून बी. फार्म. झालेली आहे. ती सून घरी आणि भाड्याचे प्रमाणपत्र भिंतीवर, अशीही घरे आहेत. हा प्रश्न तर कायद्याच्या आधी घरातच सुटण्यासारखा आहे.

औषध घेतले की संपते. यंत्राचे तसे नसते. ते वर्षानुवर्षे उभे असते आणि बंद पडले तरी उभेच असते. या विषयाशी वाचकांचा संबंध दुकानापेक्षाही जवळचा आहे, कारण धर्मादाय रुग्णालयांना डायलिसिस यंत्र, सोनोग्राफी यंत्र, व्हेंटिलेटर देणाऱ्यांत ही कुटुंबे पुढे असतात. दात्याच्या मातापित्यांचे नाव कोरलेली संगमरवरी पाटी भिंतीवर टिकते. तिच्या खालचे यंत्र चालू आहे का, हे विचारायला पुन्हा कोणी जात नाही.

राष्ट्रीय आरोग्य अभियानाने २०१५ मध्ये सरकारी रुग्णालयांतील उपकरणांची देखभाल करण्याचा कार्यक्रम हाती घेतला. देखभाल करायची तर आधी काय आहे ते कळले पाहिजे, म्हणून मोजदाद झाली. २९,११५ आरोग्य संस्थांत ७,५६,७५० उपकरणे निघाली. त्यांची किंमत सुमारे ४,५६४ कोटी रुपये. राज्यपरत्वे त्यांतील १३ ते ३४ टक्के बंद होती. साऱ्या देशाला सर्वांत कमी दर लावला, तरी ९८ हजारांहून अधिक बंद उपकरणे होतात. त्या मोजणीनंतर राज्यांनी कंत्राटे दिली. उपकरणाला स्वतंत्र क्रमांकाची चिठ्ठी लागली, तक्रारीसाठी टोल-फ्री क्रमांक आला, आणि ठेकेदाराला मिळणारे पैसे उपकरण वर्षातून किती काळ चालू राहिले याच्याशी बांधले गेले: जिल्हा रुग्णालयात ९५ टक्के, ग्रामीण रुग्णालयात ९०, प्राथमिक आरोग्य केंद्रात ८०. दुरुस्तीच्या फेऱ्या मोजायच्या नाहीत, यंत्र चालू असल्याचे दिवस मोजायचे, ही कल्पना फार चांगली आहे.

हा प्रकार केवळ भारताचा नाही. पेरी आणि माल्किन या संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत १६ गरीब देशांतील १,१२,०४० उपकरणांच्या नोंदी तपासल्या, ३८.३ टक्के उपकरणे बंद होती. माल्किन यांच्याच आधीच्या एका अभ्यासात असे दिसले, की गरीब देशांतील रुग्णालयांत बंद पडलेली सुमारे दोन तृतीयांश उपकरणे परदेशी सुटा भाग न आणता, विजेचे आणि यांत्रिक कामाचे साधे ज्ञान असलेल्या माणसाकडून पुन्हा सुरू होऊ शकतात. कोठे फ्यूज, कोठे तुटलेला प्लग, कोठे गळकी नळी, तर कोठे यंत्र कसे लावायचे हे शिकवलेला कर्मचारी बदलून गेलेला. ४ लाखांचे यंत्र ४० रुपयांच्या वस्तूसाठी कोपऱ्यात जाते, कारण ते बंद पडल्याची नोंद करायची कोठे, हेच ठरलेले नसते.

धर्मादाय रुग्णालये सरकारच्या त्या कार्यक्रमात येत नाहीत. त्यांची व्यवस्था विश्वस्तांनीच करायची असते, आणि विश्वस्त मंडळात हिशेब जाणणाऱ्यांची वाण नसते. प्रत्येक यंत्राचे एक पान असावे. त्यावर अनुक्रमांक, खरेदीची तारीख, वॉरंटी कधी संपते, विक्रेत्याच्या सेवा विभागाचा फोन, कोणत्या कर्मचाऱ्याला शिकवले, शेवटचे कॅलिब्रेशन कधी झाले आणि वर्षात किती दिवस बंद होते हे असावे. वार्षिक देखभाल करार दोन प्रकारचे असतात. एकात केवळ मजुरी येते, दुसऱ्यात सुटे भागही येतात. सही करताना हा फरक पुष्कळदा पाहिला जात नाही आणि पहिला पंखा जळाला की वाद सुरू होतो.

ताळेबंदात दरवर्षी यंत्रांवर घसारा टाकला जातो. ती नोंद झाली की काम झाले, असे अनेक मंडळांना वाटते. परंतु घसारा ही कागदावरची वजाबाकी आहे. तेवढी रक्कम बाजूला काढून ठेवली नाही, तर दहा वर्षांनी नवे यंत्र घ्यायला पुन्हा दात्याच्या दारी जावे लागते. समजा, १० लाखांच्या यंत्राचा सुट्या भागांसह करार वर्षाला ६० हजारांचा आहे. दहा वर्षांत तो खर्च ६ लाखांवर जातो. म्हणजे १० लाखांचे दान वस्तुतः १६ लाखांचे काम असते. दात्याला हे आधीच मोकळेपणाने सांगितले, तर तो नाराज होत नाही. पाच वर्षांच्या कराराची रक्कम ठेवीच्या रूपाने सोबत देणारे दाते मिळतात. न सांगता घेतलेले यंत्र मात्र वॉरंटी संपताच रुग्णालयाच्या डोक्यावर बसते.

२०२१ च्या उन्हाळ्यात संस्थांनी आणि कुटुंबांनी मोठ्या संख्येने ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर घेतले. त्या दिवसांत त्यांनी जीव वाचवले. पुढे बरेचसे खोक्यांत बांधून माळ्यावर किंवा तळघरात गेले. या यंत्राच्या पोटात जिओलाइटचे दाणे असतात. हवेतला नायट्रोजन तेच अडवतात. यंत्र दीर्घकाळ बंद आणि दमट जागी राहिले, की ते दाणे ओलावा शोषून घेतात. मग यंत्र सुरू होते, आवाज करते, हवाही सोडते, पण त्या हवेत ऑक्सिजन पुरेसा नसतो. बाहेरून काही कळत नाही. ते कळायला ऑक्सिजनचे प्रमाण मोजणारे छोटे उपकरण लावून पाहावे लागते. ठरावीक काळाने यंत्र काही तास चालवायचे, जाळी धुवायची, प्रमाण मोजून तारखेसह लिहायचे, एवढेच काम आहे. तळघरातील ती खोकी कोणाच्या ताब्यात आहेत आणि हे काम कोणाच्या नावावर आहे, हे पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर घेता येईल.